उंबरठा आणि पंक्ती

बडोद्यातील आम्हां मराठी माणसांच्या बोलण्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांचे नाव निघाले की सक्तीच्या शिक्षणाचा उल्लेख झाल्यावाचून राहत नाही. तो व्हावा हे योग्यच आहे. हिंदुस्थानात इतरत्र ज्या गोष्टीची नुसती चर्चा चालू होती, ती गोष्ट या राज्यात कायद्याने अमलात आली. तथापि अभिमानाच्या भरात इतिहासाचा एक भाग आपल्या नजरेतून निसटतो असे आम्हांस वाटते. एखाद्या मुलाला शाळेचा उंबरठा ओलांडू देणे आणि आत आल्यावर त्याला इतर मुलांच्या पंक्तीत बसू देणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली राजाज्ञेने साधते. दुसरीला शेजाऱ्याची संमती लागते. बडोदे राज्यात या दोन गोष्टींच्या मध्ये सुमारे पन्नास वर्षे गेली. त्या पन्नास वर्षांची हकिकत येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

हा प्रश्न मुळात बडोद्यापेक्षा जुना. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारण्यात आला. त्याच्या अर्जावर मुंबई सरकारात, कलकत्त्यास आणि विलायतेतही विचार झाला. अखेर १८५८ साली, केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींच्या मुलांस खुल्या असाव्यात, असे तत्त्व मुंबई सरकारने मान्य केले. पण कागदावरचे तत्त्व गावच्या शाळेपर्यंत पोहोचले नाही. १८४८ पासून पुण्यात मुलींसाठी व पुढे अस्पृश्य मानलेल्यांच्या मुलांसाठी शाळा चालविणाऱ्या जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन सादर केले. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, ही त्यांची मागणी होती. सरकारी तिजोरी शेतकऱ्यांच्या घामावर भरते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांस मिळतो, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. कमिशनने ते ऐकून घेतले. सक्तीची शिफारस काही केली नाही.

याच सुमारास बडोद्यास एक तरुण राजा नुकताच कारभार पाहू लागला होता. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या एका शेतकरी घरातून १८७५ साली दत्तक आलेला हा मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत अक्षरांस जवळजवळ अपरिचित होता. राजवाड्यात आल्यावर त्याचा अभ्यास सुरू झाला आणि १८८१ च्या डिसेंबरात राज्याची सूत्रे त्याच्या हाती आली. ज्याला स्वतःस उशिरा अक्षर मिळाले त्याला अक्षराची किंमत कळावी, यात नवल नाही. अधिकार हाती आल्यावर एकदोन वर्षांतच, त्या काळच्या सरकारी भाषेत ज्यांस 'अंत्यज' म्हणत, त्यांच्या मुलांसाठी राज्याने शाळा उघडल्या. फी नव्हती, पाट्या-पुस्तकांचा भारही सरकारने उचलला. सोनगडच्या बाजूला जंगलात राहणाऱ्या धाणका लोकांच्या मुलांसाठी वसतिगृह निघाले.

पण शाळा निघाल्या तरी त्यांत शिकवावयास सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात. तेव्हा मुसलमान शिक्षक नेमून काम चालवावे लागले. पुढे १९०८ साली आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांस महाराजांनी बोलावून या शाळांची व्यवस्था त्यांच्याकडे दिली, तेव्हा कोठे कामाला वेग आला आणि वसतिगृहांचीही घडी बसली. बडोद्याच्या दरबारी नोकरीत त्या काळी मराठी माणसांचा भरणा मोठा होता. म्हणून शिकविण्यास नकार देणारे ते कोणी परके होते असे मानून आपली सुटका करून घेण्याचा अधिकार आपणांस पोहोचत नाही. नकार देणाऱ्यांत आपलेही पूर्वज असतील, हे गृहीत धरूनच हा इतिहास वाचला पाहिजे.

सक्तीचा प्रयोग १८९३ साली अमरेली तालुक्यात सुरू झाला. प्रथम थोडी गावे घेतली, अनुभव पाहिला, मग क्षेत्र वाढविले, आणि १९०६ साली सबंध राज्यास कायदा लागू केला. सात ते बारा वर्षांच्या मुलांस आणि सात ते दहा वर्षांच्या मुलींस शाळेत पाठविणे पालकांस बंधनकारक झाले. शिक्षण विनामूल्य ठरले. गुजराती ही बहुसंख्य प्रजेची भाषा असल्याने बहुतेक शाळा गुजराती होत्या. पण मराठी आणि उर्दू शाळांचीही सोय होती. मुलाला त्याच्या घरच्या भाषेत पहिले अक्षर मिळावे, ही समान संधीची पहिली अट येथे पाळली गेली. महाराष्ट्राबाहेर मराठीचा संसार मांडून बसलेल्या आमच्यासारख्यांस तिचे मोल सांगावयास नको.

या कायद्यातही उणिवा होत्या. मुलींसाठी वयाची मर्यादा दोन वर्षे कमी होती. हा फरक त्या काळच्या समाजस्थितीशी केलेली तडजोड होता. १९०४ च्या बालविवाहप्रतिबंधक कायद्याने याच राज्यात मुलींच्या विवाहाचे किमान वय बारा ठरविले होते, आणि तेवढ्यावरही केवढी ओरड झाली! ज्या समाजात दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या लग्नाचा घोर घराला लागे, तेथे तिला बारा वर्षांपर्यंत शाळेत ठेवण्याचे बळ कायद्यालाही झाले नाही. दुसरी उणीव दंडाची. मूल शाळेत न आल्यास पालकास दंड होई. पण ज्याचे मूल गुरे राखते किंवा धाकट्या भावंडाला सांभाळते, तेव्हाच ज्याच्या घरी चूल पेटते, त्या पालकाला दंड म्हणजे दुहेरी शिक्षा. फी माफ झाली तरी मुलाच्या मजुरीची भरपाई कोणी करीत नव्हते. संधी समान करावयाची तर सर्वांस एकच नियम लावून भागत नाही. ज्याच्या वाटेत अडथळे अधिक त्याला हातही अधिक द्यावा लागतो. वसतिगृहे, विनामूल्य पुस्तके आणि शिष्यवृत्त्या यांत बडोद्याने हे ओळखले होते. दंडाच्या बाबतीत मात्र ते नजरेआड झाले.

तरीही हे कार्य केवढे मोठे होते याची कल्पना शेजारी पाहिल्यास येते. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. गोखल्यांचे विधेयक तर फारच सौम्य होते. सरसकट सक्ती त्यात नव्हती, स्थानिक संस्थांस ती करता यावी एवढीच मुभा होती. १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. बलाढ्य साम्राज्याला जे परवडत नव्हते ते एका संस्थानाला परवडले होते.

पण कथा येथे संपत नाही. या कथेचे सर्वांत मोठे फळ आणि सर्वांत मोठी नामुष्की एकाच माणसाच्या चरित्रात एकत्र आली आहेत. सातारच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वर्गात वेगळा बसत असे. ते गोणपाटही शाळेचा गडी हाताळीत नसे, म्हणून मुलगा ते रोज घरी घेऊन जाई. तहान लागली तर नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी. उंबरठा ओलांडलेला होता. पंक्ती मिळाली नव्हती. पुढे मुंबईत कॉलेजच्या शिक्षणासाठी सयाजीरावांनी त्यांस दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली बडोद्याच्याच खर्चाने ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले.

१९१७ साली करारानुसार ते बडोद्यास नोकरीसाठी आले. गावात त्यांस राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मावून गेला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही सबबी सांगितल्या. अखेर रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटी बागेत बसून राहिले आणि मुंबईस परत गेले. हे सारे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्या बागेला आता सयाजी बाग म्हणतात. आपण तेथे मुलांना घेऊन जातो, संग्रहालय दाखवितो. ज्या राजाने शिकविले त्याच्याच नगरीत, शिकून आलेल्या माणसाला बसावयास बागेखेरीज जागा नव्हती, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

याचे कारण शोधू गेल्यास ते पुन्हा प्राथमिक शाळेतच सापडते असे आमचे मत आहे. तीस-पस्तीस वर्षे शाळा चालल्या, पण वेगवेगळ्या चालल्या. अंत्यज शाळेतील मूल वाचावयास शिकले. पण सवर्णांच्या शाळेतील मूल त्याच्याशेजारी बसावयास शिकले नाही. निराळी शाळा ही प्रारंभी अपरिहार्य असेल. नकार देणारे शिक्षक आणि रुसलेले गाव यांपुढे दुसरा मार्ग नसेलही. पण सोय म्हणून केलेली व्यवस्था हळूहळू रूढी होऊन बसते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि लगेच १९१९ साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून सर्व मुलांस एकाच शाळेत घेण्याची आज्ञा दिली. सक्तीत बडोदे पुढे होते. पंक्तीत कोल्हापूर पुढे गेले. हे कबूल करण्यात सयाजीरावांचा अनादर होतो असे आम्हांस वाटत नाही.

बडोद्याने निराळ्या शाळा मोडण्याचे पाऊल १९३१ च्या सुमारास उचलले. तेव्हा खेड्यांत जो क्षोभ झाला त्याची नोंद त्या वेळच्या खानेसुमारीच्या अहवालातही आहे. मुलांना सर्वांच्या शाळेत धाडले म्हणून अस्पृश्यांच्या उभ्या पिकांची नासधूस झाली, त्यांच्या पाण्याच्या विहिरीत घासलेट ओतले गेले. पुढे १९३५ साली ब्रिटिश मुलखात, अहमदाबाद जिल्ह्यातील कविठा गावी, हेच कारण होऊन अस्पृश्य कुटुंबांवर बहिष्कार पडला. सहा-सात वर्षांच्या मुलांनी एका वर्गात बसावे एवढ्यासाठी विहिरी नासविणारी माणसे क्रूरच म्हणावी लागतील. पण एक गोष्ट त्यांस बरोबर कळली होती. एकत्र बसलेली मुले मोठी झाल्यावर जुने अंतर टिकत नाही.

१९४९ साली बडोदे राज्य मुंबई राज्यात विलीन झाले. १९५० च्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांस दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट घातले. २००२ च्या घटनादुरुस्तीने तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा मूलभूत हक्क झाला आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्या कायद्याने खासगी शाळांतही पहिल्या इयत्तेपासून पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घरांतील मुलांसाठी राखून ठेवल्या. पहिल्या भागाला बडोद्याचा वारसा आहे. या शेवटच्या कलमाला मात्र कोल्हापूरच्या १९१९ च्या हुकुमाचा. ते मुलाला नुसते शाळेत आणीत नाही, शेजारी बसविते. आणि आजही कुरकुर होते ती त्याच कलमाबद्दल. आपल्या पाल्याची शाळा निवडताना 'तेथे कोणाची मुले येतात' ही चौकशी आपण दबल्या आवाजात करतो. ती चौकशी फीच्या, भाषेच्या किंवा वस्तीच्या नावाने होते, जातीच्या नावाने होत नाही, एवढाच काय तो फरक.

महाराजांच्या जयंतीस आपण जमतो, भाषणे करतो, हार घालतो. ते चालू राहावे. पण त्या दिवशी घरी परतल्यावर आपल्या मुलाला किंवा नातवाला एक प्रश्न विचारावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे: वर्गात तुझ्या शेजारी कोण बसते, आणि तुझ्या डब्यातला घास त्याने कधी खाल्ला आहे काय? या प्रश्नाचे उत्तर सरळ आणि आनंदाने आले, तर १८८३ च्या सुमारास सुरू झालेले काम आपल्या घरापुरते तरी पुढे गेले असे समजावे. उत्तर आले नाही, तर उरलेले काम आपले आहे. ते कोणत्याही महाराजांच्या हुकुमाने व्हावयाचे नाही.