रोजच्या प्रवासासाठी स्पोर्ट-टूरर मोटरसायकल : निवड कशी करावी?

आठवडाभर कार्यालयात जाण्यासाठी आणि सुट्टीत लांब पल्ला गाठण्यासाठी एकच मोटरसायकल असावी, अशी अनेक शहरी ग्राहकांची अपेक्षा असते. मध्यम क्षमतेच्या स्पोर्ट-टूरर गाड्या ही अपेक्षा बऱ्याच अंशी पूर्ण करतात. मात्र खरेदीच्या वेळी बहुतेकांच्या मनात सुट्टीचा प्रवास असतो. प्रत्यक्षात महिन्यातले पंचवीस दिवस गाडी शहरातल्या गर्दीतच चालते. त्यामुळे निवडीचे निकष या पंचवीस दिवसांवरून ठरवणे हिताचे असते.

स्पोर्ट-टूरर म्हणजे काय?

शर्यतीच्या धर्तीच्या गाडीत स्वाराला टाकीवर ओणवे व्हावे लागते आणि शरीराचा भार मनगटांवर येतो. स्पोर्ट-टूररचे हँडल त्या मानाने उंच असते आणि पाठ जवळपास ताठ राहते. वारा अडवण्यासाठी पुढे पूर्ण किंवा अर्धे आवरण आणि काच असते. मागे बसणाऱ्यासाठी पुरेशी जागा आणि सामान बांधण्याची सोय असते. युरोप-अमेरिकेत साधारण ६५० ते ९०० सीसीची गाडी 'मध्यम' समजली जाते. भारतात हा शब्द प्रामुख्याने २०० ते ४५० सीसीच्या गाड्यांसाठी वापरला जातो. हीरो होंडाने २००३ मध्ये आणलेल्या २२३ सीसीच्या करिझ्मामुळे ही कल्पना भारतीय ग्राहकाला परिचित झाली. चाकणच्या परिसरात तयार होणाऱ्या बजाज डॉमिनार ४०० ने डिसेंबर २०१६ पासून ती आणखी पुढे नेली.

वजन आणि सीटची उंची

वजनाकडे ग्राहकाचे सर्वात जास्त दुर्लक्ष होते. ११० सीसीच्या सर्वसाधारण स्कूटरचे वजन सुमारे १०५ ते ११० किलो असते. बाजारात आली तेव्हा डॉमिनार ४०० चे वजन १८२ किलो होते. कावासाकी व्हर्सिस ६५० चे वजन तर २१५ किलोंहून अधिक भरते. सोसायटीच्या अरुंद वाहनतळातून गाडी मागे ढकलताना किंवा उतारावर थांबलेली गाडी सावरताना हा फरक रोज जाणवतो.

सीसी कमी म्हणजे वजनही कमी, असा समज मात्र बाळगू नये. २०२० मध्ये आलेल्या डॉमिनार २५० चे वजनही १८० किलोंच्या आसपासच होते. त्याच गटातील सुझुकी जिक्सर एसएफ २५० साधारण १६१ किलोंची आहे, तर २०२३ मध्ये आलेली करिझ्मा एक्सएमआर साधारण १६४ किलोंची.

सीटची उंचीही तितकीच महत्त्वाची आहे. जिक्सर एसएफ २५० ची सीट ८०० मिलिमीटर उंच आहे, तर व्ही-स्ट्रॉम एसएक्सची ८३५ मिलिमीटर. साडेतीनच सेंटिमीटरचा फरक असला, तरी मध्यम उंचीच्या स्वाराचा पूर्ण पाय टेकणार की केवळ चवडा, हे त्यावर ठरते. खड्डेमय रस्त्यावर सिग्नलला थांबताना याचे महत्त्व कळते.

इंजिन : अश्वशक्तीपलीकडे

जाहिरातीत ठळक अक्षरांत दिलेली अश्वशक्ती ही इंजिन खूप वेगाने फिरत असतानाची असते. शहरात त्या टप्प्यापर्यंत जाण्याचा प्रसंग क्वचितच येतो. येथे उपयोगी पडते ती कमी फेऱ्यांवर मिळणारी ओढ, म्हणजेच टॉर्क. निन्जा ३०० चे दोन सिलिंडरचे इंजिन ३९ अश्वशक्ती देते, पण त्याचा कमाल टॉर्क सुमारे २६ ते २७ न्यूटन-मीटर असून तो मिनिटाला १० हजार फेऱ्यांवर मिळतो. पहिल्या डॉमिनार ४०० ची ताकद ३५ अश्वशक्ती, म्हणजे तुलनेने कमी होती. मात्र तिचा ३५ न्यूटन-मीटरचा टॉर्क साडेसहा हजार फेऱ्यांवरच मिळत असे. पहिले इंजिन अधिक गुळगुळीत चालते, तर दुसऱ्यात गिअर कमी वेळा बदलावे लागतात. रोज शंभर वेळा थांबून निघणाऱ्याला दुसरा गुण अधिक सोयीचा ठरतो. असिस्ट-स्लिपर प्रकारचा क्लच असल्यास तो हलका लागतो आणि मनगटाला आराम मिळतो.

उष्णतेचा विचारही आवश्यक आहे. द्रवाने थंड होणाऱ्या इंजिनात गाडी थांबली की रेडिएटरचा पंखा सुरू होतो. त्याची गरम हवा काही गाड्यांत थेट स्वाराच्या पोटऱ्यांवर येते, तर काहींत आवरणाच्या रचनेमुळे ती बाजूला वळते. याची माहिती तांत्रिक तक्त्यात नसते. ती गाडी चालवूनच मिळते.

रस्ते आणि वेगाची मर्यादा

ज्या रस्त्यांवर अशा गाडीचा वेग सार्थकी लागावा, त्यांपैकी अनेक रस्ते दुचाकींना बंद आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग या सर्वांवर मोटरसायकलला मनाई आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मोटरसायकलची कमाल वेगमर्यादा चौपदरी रस्त्यांवर ताशी ८० किलोमीटर, तर शहरी हद्दीत ६० किलोमीटर आहे. २५० सीसीची गाडी ८० चा वेग सहज राखते. त्यापुढच्या क्षमतेसाठी मोजलेले पैसे मुख्यतः चढण, ओव्हरटेक आणि मागे बसणारा यांच्या सोयीसाठी असतात. ही गरज आपल्याला किती वेळा भासते, हे आधी ठरवावे.

३५० सीसीची सीमारेषा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, तर त्यावरील गाड्यांना ४० टक्के दर लागू झाला. करपूर्व किंमत २ लाख रुपये धरल्यास पहिल्या गटात ३६ हजार आणि दुसऱ्यात ८० हजार रुपये कर होतो. म्हणजे तब्बल ४४ हजारांचा फरक पडतो. विम्याचीही हीच सीमा आहे. जून २०२२ च्या दरांनुसार तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता १५० ते ३५० सीसीसाठी १,३६६ रुपये, तर त्यापुढे २,८०४ रुपये झाला. नव्या दुचाकीसाठी हा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

इंधनाचा हिशेबही करून पाहावा. रोज ४० किलोमीटर आणि महिन्यात २५ दिवस प्रवास धरला, तर १,००० किलोमीटर होतात. लिटरला ३० किलोमीटर देणाऱ्या गाडीला सुमारे ३३ लिटर पेट्रोल लागेल, तर २२ किलोमीटर देणारीला ४५ लिटरहून अधिक. शिवाय साखळीला दर ५०० किलोमीटरला तेल द्यायचे, म्हणजे हे काम महिन्यातून दोनदा करावे लागेल.

पावसाळा आणि सुरक्षितता

१२५ सीसीवरील गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक आहे, परंतु एकाच चाकावर ते असले तरी नियमाची पूर्तता होते. चिखल आणि तेलकट डांबरावरून जाणाऱ्याने दोन्ही चाकांना एबीएस असलेलीच गाडी घ्यावी. ओल्या रस्त्यावरील पकड, मडगार्डची लांबी आणि गतिरोधकावर तळ घासतो का, हे मुद्देही तपासावेत. बाजूला लावायच्या पेट्यांमुळे गाडीची रुंदी वाढते आणि वाहनांच्या रांगांमधून निघणे अवघड होते. रोजच्या वापरासाठी मागे बसवलेली एक पेटी पुरेशी असते.

चाचणी फेरी

वितरक बहुधा मोकळ्या रस्त्यावर पाच मिनिटांची फेरी देतो. त्यावर समाधान मानू नये. कामाच्या दिवशी, सायंकाळच्या गर्दीत, किमान अर्धा तास गाडी चालवण्याचा आग्रह धरावा. मागे नेहमीचा सहप्रवासी बसवावा. इंजिन बंद करून गाडी हाताने मागे-पुढे ढकलून पाहावी. घर किंवा कार्यालयाजवळ सेवा केंद्र आहे का, सुटे भाग किती दिवसांत मिळतात आणि आवरणाचा एखादा भाग तुटल्यास खर्च किती येतो, याचीही चौकशी करावी.

थोडक्यात, प्रवास प्रामुख्याने शहरातला आणि एकट्याचा असेल, तर १७० किलोंच्या आतील २०० ते २५० सीसीची गाडी योग्य ठरते. आठवड्यातून अनेकदा महामार्गाने आणि जोडीने जायचे असेल, तरच अधिक वजन आणि कराचा बोजा पत्करण्यात अर्थ आहे. ६५० सीसीच्या गाडीचा विचार घरात रोजच्या वापरासाठी दुसरे हलके वाहन असेल तेव्हाच करावा.