बैठकेपासून वर्गापर्यंत : आपल्या मुलांचे मराठी वाचणे-लिहिणे

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांच्या नोंदवह्या जपून ठेवलेल्या आहेत. आपल्यापैकी पुष्कळांनी तिथे जाऊन आपले मूळ शोधले असेल. काही वर्षांपूर्वी मीही माझ्या खापरपणजोबांची नोंद पाहायला गेले होते. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जिल्हा, जहाज, कोणत्या मळ्यावर पाठवले ते, सारे एका ओळीत लिहिलेले होते. जिल्हा रत्नागिरी. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. बाहेर आल्यावर मला जाणवले की त्या पानावर त्यांच्या स्वतःच्या हातची एक रेघही नाही. त्यांचे नाव, त्यांच्या बापाचे नाव, त्यांचे गाव, सगळे कारकुनाने त्याच्या कानाला जसे ऐकू आले तसे रोमन अक्षरांत लिहिले. आपल्याविषयी काय लिहिले गेले हे त्यांना वाचता आले नसते. ज्या कराराने त्यांचे आयुष्य बांधले गेले, तोही दुसऱ्या कोणी वाचून दाखवला असेल तेवढाच त्यांना कळला असेल.

तीसहून अधिक वर्षे मी पाच-सहा वर्षांच्या मुलांना अक्षरे शिकवीत आहे. या स्मरणिकेसाठी लिहायला सांगितले तेव्हा मला तीच ओळ आठवली.

आपले लोक मुंबई बंदरातून आले. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर अशा भागांतली ही माणसे. १८३४ पासून या बेटावर आलेल्या जवळपास पाच लाख हिंदुस्थानी मजुरांत त्यांची संख्या लहानच होती. त्यांतल्या ज्या थोड्यांना लिहिता येत असेल, त्यांचा हात मोडीचा असणार, कारण त्या काळी मराठी मुलखात हाताने लिहायची लिपी मोडी आणि पोथी-पुस्तकाची लिपी बाळबोध. मोडी या बेटावर रुजली नाही. बाळबोध मात्र टिकली. मला वाटते, ती टिकली याचे श्रेय काही अंशी शेजाऱ्यांनाही द्यायला हवे. छापील रामायण घरात ठेवणारे भोजपुरी शेजारी तीच अक्षरे वाचत होते. आपली भाषा वेगळी, पण पाटी एकच.

न वाचता येण्याची किंमत आपल्या लोकांनी रोख मोजली आहे. एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांचा पगार कापला जायचा. याला ‘डबल कट’ म्हणत. हिशोब कारकुनाच्या वहीत असायचा आणि मजुराला तो बोटांवर मोजावा लागायचा. १८७१ साली अडोल्फ द प्लेवित्झ यांनी जुन्या मजुरांच्या वतीने गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यावर ९,४०१ जणांनी सही किंवा खूण केली होती. त्या अर्जामुळे पुढच्या वर्षी चौकशीसाठी शाही आयोग आला. कागदावर काय घडू शकते, हे आपल्या लोकांना त्या वेळी समजले असेल असे मला वाटते.

मग आली बैठका. तरुण वाचकांसाठी सांगते. बैठका म्हणजे गवताने शाकारलेली, शेणाने सारवलेली एक खोली. दिवसभर ऊस तोडून आलेले लोक संध्याकाळी तिथे जमत. रॉकेलचा दिवा, एखादी चटई, भिंतीला देवाचे चित्र. आपल्या वस्त्यांत तिथेच भजन व्हायचे, गणपतीच्या दिवसांत झाकडीचा सराव व्हायचा आणि तिथेच मुलांना अक्षरे शिकवली जायची. शिकवणाऱ्याकडे प्रमाणपत्र नव्हते. ज्याला जेवढे येत होते तेवढे तो देत होता. पाटी सगळ्यांकडे नसायची. माझी आजी सांगायची की त्यांच्या बैठकेत फळीवर बारीक रेती पसरत आणि तिच्यात बोटाने ‘अ’ काढायला लावत. चुकले की तळहाताने पुसायचे. ही आपली जुनी धूळपाटीच. आजीला तो शब्द माहीत नव्हता. मलाही तो प्रशिक्षणाच्या काळात कळला आणि आजीने आम्हाला पुस्तकापेक्षा आधी काय सांगितले होते हे तेव्हा उमगले.

आजी अक्षरे शिकली ती लहानपणी नव्हे, दोन मुलांची आई झाल्यावर. त्याचे कारण निवडणूक. १९४७ च्या राज्यघटनेने मताचा हक्क वाढवला. मालमत्ता नसली तरी चालेल, पण वसाहतीत चालणाऱ्या एखाद्या भाषेत साधे वाक्य वाचता-लिहिता आले पाहिजे, अशी अट होती. स्त्रियांनाही हा हक्क मिळाला. वासुदेव विष्णुदयाल यांच्या जन आंदोलनाचे स्वयंसेवक गावोगाव फिरून बैठकांत लोकांना लिहायला शिकवू लागले. मतदार पूर्वी सुमारे बारा हजार होते, ते १९४८ साली सत्तर हजारांच्या वर गेले. एवढ्या मोठ्या संख्येतली एक माझी आजी. तिने जे वाक्य पाठ करून लिहिले ते हिंदीत होते, कारण शिकवणारा स्वयंसेवक हिंदीचा होता. ती म्हणायची, “हात ऊस तोडून इतका कडक झालेला की पेन्सिल बोटांत राहत नव्हती.” पुढे त्याच अक्षरांनी ती मराठी भजनांची वही वाचू लागली. १९६० च्या कॅरोल वादळात बैठका आणि ती वही दोन्ही गेली. भजने तिला पाठ होती म्हणून राहिली.

मी पाच वर्षांची असताना देश स्वतंत्र झाला. मी मराठी आधी बैठकेत आणि नंतर सरकारी शाळेत शिकले. पुढे टीचर्स सर्टिफिकेट घेऊन शाळेत लागले आणि पहिल्याच दिवशी भिंतीवर अक्षरमालेचा तक्ता टांगला. ‘अ अननसाचा’ सोपे गेले. अननस आमच्याकडे पिकतो आणि क्रेओलमध्ये त्याला ‘झानाना’ म्हणतात, त्यामुळे मुले हसून चटकन लक्षात ठेवतात. ‘ग गणपतीचा’ हा तर आपल्या मुलांचा सर्वांत लाडका. पण पुढे ‘ऐ ऐरणीचा’ आणि ‘औ औताचा’. ऐरण कुणी पाहिली आहे? आमची जमीन ज्वालामुखीच्या दगडांची. ते दगड वेचून पूर्वजांनी शेतांत जे ढीग रचले ते अजून उभे आहेत. ऊस लावायचा तो कुदळीने खड्डा करून. औत कुठून दिसणार?

इथे माझी एक चूक सांगते. बरीच वर्षे मी अभिमानाने सांगत असे की माझी मुले पहिलीच्या अखेरीस सारी बाराखडी वाचतात. तपासणीला आलेले अधिकारीही शाबासकी देऊन जात. एकदा पालकांच्या दिवशी एका मुलीने धडा खणखणीत वाचून दाखवला. एकही मात्रा चुकली नाही. तिची आजी पुढच्या बाकावर बसली होती. वाचन संपल्यावर तिने प्रेमाने विचारले, “बाळ, औत म्हणजे काय गं?” मुलगी माझ्याकडे पाहू लागली. “मिस?” मला शब्दात सांगता आले, पण औत मीही कधी पाहिलेला नव्हता. मग मी पुढच्या आठवड्यात धड्यातला एकेक शब्द मुलांना विचारत गेले. वाचता सगळे येत होते. कळत होते ते निम्म्याहून कमी.

आपल्या मुलांची अडचण वेगळी आहे, ती इथे नीट मांडते. महाराष्ट्रातले मूल शाळेत येते ते मराठी बोलत. त्याला फक्त अक्षर नवे असते. आपले मूल घरी क्रेओल बोलते, दूरदर्शनवर फ्रेंच ऐकते, शाळेत इंग्रजीत लिहिते आणि दिवसातल्या एका तासाला मराठीच्या वर्गात येते. त्याला अक्षरही नवे आणि त्या अक्षरामागचा शब्दही नवा. दोन्ही एकदम दिले तर ते अक्षर उचलते आणि शब्द सोडून देते. पोपट होतो. दोष मुलाचा नाही.

म्हणून मी क्रम बदलला. पहिले काही आठवडे मुलांना येत असलेलेच शब्द देवनागरीत लिहायला दिले. क्रेओल शब्द. ‘दिलो’ म्हणजे पाणी, ‘लामे’ म्हणजे हात, ‘लाकाझ’ म्हणजे घर. मुले थक्क झाली. रोमन अक्षरांत फ्रेंचमधला पक्षी लिहायला सहा अक्षरे लागतात आणि त्यांतले एकही आपल्या नावासारखे बोलत नाही. देवनागरीत तोच ‘वाझो’ दोन अक्षरांत येतो, जसा बोलला तसा. मोठे अक्षर, लहान अक्षर ही भानगडही नाही. एका वरिष्ठांना हे पटले नाही. “मराठीच्या तासाला क्रेओल?” असे त्यांनी रागाने विचारले. मी त्यांना रेतीचा ट्रे दाखवला. फ्लिक-आं-फ्लाकच्या किनाऱ्यावरची बारीक रेती मी घरून आणत असे. मुले तिच्यात ‘दिलो’ लिहून शेजारी ‘पाणी’ लिहीत होती. ते काही बोलले नाहीत, पण अहवालात त्यांनी काय लिहिले ते मला ठाऊक आहे. २०१२ पासून क्रेओल स्वतःच शाळेत ऐच्छिक विषय झाली, तेव्हा हा वाद आपोआप मिटला.

खरी मजा पुढे येते. या बेटावर चटणीला ‘साटिनी’ म्हणतात आणि पराठ्याला ‘फाराता’. क्रेओलमध्ये ‘च’ नाही, ‘श’ नाही, ‘ठ’ नाही, ‘ण’ नाही. मुले ‘साटिनी’ लिहितात. मग मी सांगते, घरी जाऊन आजीला विचारा ती काय म्हणते. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ‘चटणी’ घेऊन येते. त्या एका शब्दातून ‘च’ मिळतो, ‘ट’ मिळतो आणि ‘ण’ मिळतो. जीभ कुठे टेकवायची हे ती शिकून येतात, तेही आजीकडून. ‘श’ तेवढा फार छळतो. ‘शाळा’चे ‘साला’ होते आणि शेजारच्या हिंदी वर्गातले गुरुजी खिडकीतून डोकावतात.

अक्षरांचा क्रमही मी तक्त्याप्रमाणे ठेवत नाही. आकार जुळणारी अक्षरे एकत्र घेते. ‘ग, म, भ, न’ ही चार आली की हाताला वळण सापडते. ‘र’ आला की त्याच्यावरून ‘स’ आणि ‘ख’. भाद्रपदात ‘मोदक’ लिहितो, कारण तेव्हा घरोघरी तो होतो आणि त्यात तीनच अक्षरे व एक मात्रा आहे. बाराखडी पुष्कळ नंतर. जोडाक्षरे दुसऱ्या वर्षी.

मोठ्या वर्गांत परीक्षेची सावली पडते. प्राथमिकच्या शेवटच्या परीक्षेत आपल्या पूर्वजांच्या भाषांचे गुण क्रमवारीत धरायचे की नाही, या प्रश्नावर १९९५ साली विधानसभा विसर्जित झाली आणि निवडणुकीत सरकार गेले. एवढे वजन एका विषयाला! मी त्या लढ्याच्या बाजूने होते आणि आजही आहे. गुण धरले नाहीत तर पालक विषय सोडायला लावतात, हे मी पाहिले आहे. पण गुण धरले की पालक निबंध पाठ करून घेतात, हेही मी पाहिले आहे. सहावीतले मूल गायीवर पंधरा ओळी न थांबता लिहिते आणि ‘तुझे नाव काय’ विचारले तर फ्रेंचमध्ये उत्तर देते. खालच्या वर्गांत पाया बोलण्याचा झाला असेल तरच हे टळते.

यंदा माझ्या पहिलीच्या मराठी वर्गात नऊ मुले आहेत. एका वर्षी बावीस होती, एका वर्षी सात. नावे नोंदवायची वेळ आली की मी मंदिरात भेटणाऱ्या आयांना हटकून विचारते. त्या म्हणतात, “मिस, पुढे उपयोग काय?” मी त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यांना एक दिवस वर्गात येऊन बसायला सांगते. काही जणी येतात.

दर वर्षी पहिल्या सत्राच्या शेवटी आम्ही नाव लिहितो. एवढे सोपे वाटणारे काम सर्वांत अवघड आहे. आपली आडनावे म्हणजे बहुधा पहिल्या आलेल्या पूर्वजाचे नाव, तेही कारकुनाने ऐकले तसे. आता ती फ्रेंच धाटणीने उच्चारली जातात. मुलाने देवनागरीत काय लिहावे? बोलतात तसे, की मूळ असेल तसे? मी नियम केलेला नाही. मुलाला जसे ऐकू येते तसे आधी लिहू देते.

यंदा एका मुलाने ‘साकाराम’ लिहिले. अक्षर सुबक, रेघ सरळ. मी त्याला चांगले म्हटले आणि ती चिठ्ठी घरी दाखवायला सांगितली. त्याचे आजा ऐंशीच्या पुढे आहेत, बैठकेत शिकलेले. दुसऱ्या दिवशी मुलाने चिठ्ठी परत आणली. लाल पेन्सिलीने, थरथरत्या हाताने, ‘सा’चा काना खोडलेला होता आणि ‘का’वर फुली मारून वर ‘खा’ लिहिलेला होता. मुलगा थोडा रुसला होता. म्हणाला, “मिस, आजा म्हणतात आमचे नाव इतकी वर्षे चुकीचे लिहिले.” मग रेतीचा ट्रे पुढे ओढून तो ‘ख’ काढायला बसला.