६ ऑक्टोबर : स्पॅनिश चित्रपट दिन

बर्लांगा आणि बार्देम या दोघा दिग्दर्शकांच्या ‘एसा पारेहा फेलीस’चे चित्रीकरण याच तारखेला संपले होते. म्हणून २०२१पासून स्पेन ६ ऑक्टोबरला आपल्या सिनेमाचा दिवस साजरा करतो.

दिल्लीकरांसाठी या सिनेमाचे दार कॅनॉट प्लेसजवळ, हनुमान रोडवर आहे. तिथली सर्व्हान्तेस संस्था २००९पासून स्पॅनिश शिकवते आणि चित्रपटही दाखवते.

आज आवर्जून पाहावा तो कार्ला सिमोन यांचा ‘आल्कार्रास’. सोले कुटुंब पिढ्यानपिढ्या पीचच्या बागा कसते, पण जमीन यादवी युद्धाच्या काळात नुसत्या शब्दावर मिळालेली. कागद एकही नाही. मालकाच्या वारसाला आता तिथे सौर पॅनेल हवेत. सुरुवातीलाच पोरांच्या खेळातली मोडकी मोटार क्रेन उचलून नेते. बाप चिडतो, आजोबा गप्प होतात, तोडणी मात्र थांबत नाही. सातबाऱ्यावरून घरे दुभंगताना पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला हे दुःख समजावून सांगावे लागत नाही.

सिमोन यांच्या मामांच्याही आल्कार्रास गावातच पीचच्या बागा. कलाकारही बहुतेक त्याच भागातले, कॅमेऱ्यापुढे प्रथमच उभे राहिलेले. २०२२मध्ये बर्लिनचे ‘सुवर्ण अस्वल’ जिंकणारा हा पहिला कातालान भाषिक चित्रपट. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते भारतात जन्मलेले एम. नाइट श्यामलन.