181 क्रमांकाचा टेप

डिजिटल सहीचं यूएसबी टोकन व्हर्च्युअल मशीनला जोडायचं तर आज मेनूतल्या एका नावावर टिचकी मारली की झालं. यजमान संगणकावरून टोकन नाहीसं होतं आणि आतल्या पाहुण्या विंडोजमध्ये उगवतं. ही टिचकी एके काळी एक हाडामांसाचा ऑपरेटर मारत असे, हातात टेपचं रीळ घेऊन.

गोष्ट अमेरिकेतल्या केंब्रिजची. आयबीएमच्या तिथल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट क्रीझी यांच्या चमूने सीपी-40 ही प्रणाली बांधली आणि जानेवारी 1967 मध्ये ती रोजच्या वापरात आली. संगणक एक, त्यावर आभासी यंत्रं चौदापर्यंत. प्रत्येकाला स्वतःचा कार्ड रीडर, पंच आणि प्रिंटर, सगळे लटके. छापायचा मजकूर डिस्कवर साठायचा आणि पाळी आली की खऱ्या प्रिंटरकडे जायचा. डिस्कचे तर सरळ तुकडे पाडून वाटप होई.

टेपचे मात्र तुकडे पडत नाहीत. रीळ एका वेळी एकाच्याच ताब्यात हवं. म्हणून सीपी-40 च्या वारसदारावर, 1972 च्या व्हीएम/370 वर, वापरकर्ता ऑपरेटरला निरोप धाडी, तो रीळ चढवी आणि ‘अटॅच’ ही आज्ञा देई. खऱ्या ड्राइव्हचा क्रमांक काहीही असो, पाहुण्याला तो 181 म्हणून दिसे.

खरी गोम पुढे आहे. पाहुण्याला वाटतं, आपली मेमरी शून्यापासून सुरू होते. ती असते भलतीकडेच. प्रोसेसर हे नाटक सांभाळून घेतो, पण टेपकडून माहिती आणणाऱ्या ‘चॅनल’ला फक्त खरे पत्ते कळतात. त्याला पाहुण्याचा पत्ता दिला तर तो दुसऱ्याच्याच घरात सामान टाकून येईल! म्हणून सीपी, म्हणजे आभासी यंत्रं चालवणारा मूळ प्रोग्राम, दर वेळी चॅनलच्या आज्ञांची नक्कल करी, पत्ते दुरुस्त करी आणि मगच काम पुढे सोडी. हे सगळं करण्यात वेळ जाई.

1999 मध्ये व्हीएमवेअरने साध्या पीसीवर हा खेळ मांडला, तेव्हा खरं कार्ड पाहुण्याच्या हाती देणं परवडणारं नव्हतं. मग एएमडीच्या जुन्या पीसीनेट नेटवर्क कार्डाचं सोंग वठवलं, कारण त्याचे ड्रायव्हर जिकडेतिकडे होते. यूएसबीचं त्या मानाने सोपं. कंट्रोलर यजमानाकडेच राहतो, पाहुण्याला नुसते निरोप पोचतात.

ग्राफिक्स कार्डासारखं थेट मेमरीत लिहिणारं उपकरण द्यायचं, तर पत्ते बदलणारा दुभाष्या हार्डवेअरमध्येच हवा होता. तो म्हणजे आयओएमएमयू. इंटेल आणि एएमडीने तो पीसीत आणला, 2012 मध्ये लिनक्सला त्याचा वापर करणारी व्हीएफआयओ ही सोय मिळाली आणि खरं कार्ड पाहुण्याच्या स्वाधीन करणं घरगुती काम झालं. माझ्या मते या कुळातला खरा पराक्रमी हा दुभाष्याच. बाकी बरंचसं केंब्रिजमध्ये सुचून गेलं होतं. अर्थात त्याचीही एक खोड आहे: एकाच गटात अडकलेली उपकरणं तो वेगळी करून देत नाही. कार्ड हवं असेल तर त्याचा गोतावळाही न्यावा लागतो.

मूळ घराणंही अजून नांदतं आहे. आयबीएमच्या झेड/व्हीएमवर कुणी फाइल पाठवली, तर ती आजही आभासी कार्ड रीडरमध्येच येऊन पडते. आणि पहिल्या टेपचा क्रमांक तिथे अजून 181 च आहे.