एक कळ, चार दारे

जुन्या मोटारीला सेंट्रल लॉकिंग बसवून घेणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या शहापूरसारख्या गावात गाड्यांचे वायरिंग करणारा मिस्त्रीही हे काम करून देतो, आणि पाना-पक्कड हाताळता येणारा अकरावी-बारावीचा विद्यार्थी थोड्या देखरेखीखाली ते स्वतः करू शकतो. चार दारांत चार छोटी यंत्रे, एक नियंत्रक पेटी, थोडी तार आणि एक फ्यूज, एवढाच सारा संसार. पण बाहेरच्या एका माणसाने अनेकांची दारे बंद करायची ही कल्पना मोटारीहून जुनी आहे, आणि तिचा इतिहास सुखाचा नाही. तो ठाऊक असल्याखेरीज पहिली तार जोडू नये, असे माझे मत आहे.

8 मे 1842 रोजी व्हर्सायमधील उत्सव पाहून पॅरिसकडे परतणाऱ्यांनी भरलेली आगगाडी म्यूदाँजवळ रुळावरून घसरली. पुढच्या इंजिनाचा आस मोडला होता. मागचे डबे इंजिनावर चढले आणि निखाऱ्यांनी पेटले. प्रवाशांनी चालत्या गाडीतून उतरू नये म्हणून डब्यांना बाहेरून कुलपे घातलेली होती. पन्नासहून अधिक माणसे जागच्या जागी जळाली. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आलेला दर्यावर्दी द्यूमाँ द्यूर्व्हील आपल्या पत्नी आणि मुलासह त्यातच गेला. आस का मोडला याचा अभ्यास पुढे रँकिन यांच्यासारख्या अभियंत्यांनी केला, आणि धातूही वारंवार ताण बसून 'थकतो' ही गोष्ट लोकांपुढे आली. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत या अपघाताची आठवण निघाली तर ती आसामुळे निघते, कुलपांमुळे नव्हे. फ्रान्समध्ये मात्र प्रवाशांना कोंडण्याची पद्धत या घटनेनंतर बंद झाली.

सगळीकडे ती बंद झाली नाही. 12 जून 1889 रोजी आयर्लंडमधील आर्माघ येथून मुलांची सहल घेऊन निघालेली गाडी 75 ला 1 अशा चढावर अडकली. इंजिनाला भार पेलेना, तेव्हा गाडीचे दोन तुकडे करून पुढचा आधी नेण्याचे ठरले. जोडणी सोडताच मागच्या डब्यांचा निर्वात ब्रेक सुटला, कारण तो ब्रेक लागण्यासाठी निर्वात टिकावा लागे. उरला फक्त हाताने लावायचा ब्रेक. डबे मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे 80 जण मेले, त्यांत मुले पुष्कळ होती. डब्यांची दारे याही वेळी कुलूपबंद होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा केला, त्यानुसार प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा झाला. या ब्रेकमध्ये युक्ती उलटी असते. निर्वात असेपर्यंत ब्रेक सुटलेला राहतो. नळी तुटली, डबा सुटला, की हवा आत शिरते आणि ब्रेक लागतो. म्हणजे यंत्र बिघडले तरी ते सुरक्षित बाजूला बिघडते.

आपल्या भागात हे समजावून सांगण्यासाठी दूर जावे लागत नाही. लोहमार्ग 1855 मध्ये वाशिंदपर्यंत, 1861 मध्ये कसाऱ्यापर्यंत आणि 1865 मध्ये थळ घाट चढून इगतपुरीपर्यंत पोचला. या घाटाचा चढ 37 ला 1, म्हणजे आर्माघच्या दुप्पट. उताराला ब्रेक दाद देईनासा झालाच तर गाडी वळवून थोपवता यावी म्हणून घाटात चढत्या बाजूला नेणारे खास रूळ टाकलेले आहेत. बिघाड होणारच असे धरून केलेली ही रचना आहे.

आता मोटारीकडे वळू. विजेवर चालणारी दाराची यंत्रणा 1914 च्या सुमारास अमेरिकेतील स्क्रिप्स-बूथ या गाडीत होती, पण ती कल्पना तेवढ्यावरच राहिली. 1956 मध्ये पॅकार्ड कंपनीने ती पुन्हा आणली. जर्मन मर्सिडीझच्या 1970 च्या दशकातील गाड्यांत तर हेच काम निर्वाताने होई: इंजिन हवा ओढते त्याचाच उपयोग करून एका टाकीत निर्वात साठवायचा आणि बारीक नळ्यांनी तो दारांतील रबरी पडद्यांपर्यंत न्यायचा. इंजिन बंद केल्यावरही साठलेल्या निर्वातावर कुलपे चालत. रबर जुने झाले, चीर पडली, की सारी दारे एकदम रुसत. पुढे छोट्या विद्युत मोटारी स्वस्त झाल्या आणि नळ्यांची जागा तारांनी घेतली.

आज बाजारात मिळणाऱ्या संचात प्रत्येक दारासाठी 12 व्होल्टची एकदिश मोटर असते. ती दातेरी चाकांच्या मदतीने एक दांडी पुढे-मागे सरकवते. प्रवाहाची दिशा बदलली की दांडीची दिशा बदलते. नियंत्रक पेटीत दोन रिले असतात. दोन्ही निवांत असताना मोटरच्या दोन्ही तारा ऋण टोकाला जोडलेल्या राहतात. एक रिले ओढला गेला की एक तार धन होते, दुसरा ओढला गेला की दुसरी. चालकाच्या दारातील यंत्राला दोनऐवजी पाच तारा असतात, कारण त्यात एक स्विचही असतो. चालकाने किल्ली फिरवली की स्विच पेटीला वर्दी देतो, आणि पेटी सर्व मोटारींना जेमतेम अर्धा सेकंद प्रवाह देते. तो तेवढाच का, हे विद्यार्थ्यांना जरूर विचारावे. दांडी टोकाला पोचली की मोटर अडते, अडलेल्या मोटरमधून प्रवाह भरमसाट वाहतो आणि कुंतल तापून जळते.

जोडणी करताना तीन गोष्टींत तडजोड नको. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ हवा. बिजागरीपाशी तार रबरी नळीतूनच न्यावी, नाहीतर दाराच्या उघडझापीने ती सोलली जाते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: यंत्राची दांडी कुलपाच्या मूळ दांडीला चिमट्याने जोडायची, मूळ दांडी कापायची नाही. या यंत्रणेत खटका परत आणणारी स्प्रिंग नसते. वीज गेली की तो होता तिथेच राहतो. सुरक्षित बाजूला तो आपण होऊन जात नाही, म्हणून हाताने उघडण्याची वाट शाबूत हवी.

याची किंमत महाराष्ट्राने 26 जुलै 2005 रोजी पाहिली. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. बंद मोटारींत अडकून माणसे गुदमरून मेली. विजेच्या काचा उतरेनात, दारे उघडेनात. यात एकट्या कुलपाचा दोष नाही, पाण्याच्या दाबाचाही आहे; हिशेब वर्गात करता येतो. दार 1 मीटर रुंद आणि त्याच्या तळापासून बाहेर 50 सेंटिमीटर पाणी. तळाशी दाब सुमारे 4,900 पास्कल, वर शून्य, सरासरी 2,450. क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर, म्हणून बल 1,225 न्यूटन, म्हणजे सुमारे 125 किलो वजनाइतके. ते दाराच्या रुंदीच्या मध्यावर लागते असे धरले, तर बिजागरीपासून दूरच्या कडेला 62 किलोंइतका जोर लावावा लागेल. पाणी वाढेल तसे बल खोलीच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून पाणी चढू लागताच काच खाली करून आधी बाहेर पडावे. एस.टी.च्या गाडीत 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असे रंगवलेले असते. तो आतून हाताने उघडतो, त्याला वीज लागत नाही.

लोकलगाडीचा प्रश्न मात्र अगदी उलट आहे. तिथे माणसे मरतात ती दार उघडे असल्यामुळे. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले. चौघे त्याच दिवशी दगावले. त्यांतली एक गाडी कसाऱ्याहून निघालेली होती. आपोआप बंद होणारी दारे मुंबईच्या लोकलमध्ये 25 डिसेंबर 2017 रोजी पहिल्या वातानुकूलित गाडीबरोबर आली होती. अशा गाडीत सर्व दारांचे स्विच एकसर जोडणीत असतात. एक दार जरी उघडे असले तरी मंडल पुरे होत नाही आणि गाडी निघत नाही. मुंब्र्याच्या घटनेनंतर त्याच दिवशी रेल्वे मंडळाने साध्या लोकललाही अशी दारे बसवण्याचे जाहीर केले. साध्या डब्यात अडचण हवेची असते. गच्च भरलेल्या डब्याची दारे मिटली तर आतल्यांनी श्वास कसा घ्यायचा? म्हणून दारांना झडपा, छतावर हवा आत घेणारी यंत्रे आणि गर्दी पांगावी म्हणून डब्याडब्यांत जाण्याचा रस्ता, अशी रचना ठरवण्यात आली.