सेइतान

सेइतान : गव्हाच्या मळलेल्या पिठातील पिष्ट पाण्याने धुऊन काढल्यावर मागे उरणारे चिवट व लवचिक प्रथिन, म्हणजे ग्लुटेन, मसाल्याच्या रसात मंदाग्नीवर शिजवून सिद्ध केलेला शाकाहारी जिन्नस. सोयाबीन, अळंबी, फणस इत्यादींपासून केलेले मांसाचे पर्याय पुष्कळ आहेत. परंतु दाताखाली धाग्याधाग्याने सुटणारा कोंबडीच्या मांसाचा पोत ज्यात विशेष साधतो असा पदार्थ हाच असल्यामुळे, अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत नावाजलेल्या, पीठ लावून तळलेल्या कोंबडीचे शाकाहारी रूप घरी करू इच्छिणारा मनुष्य बहुधा याच्याकडे वळतो.

हा पदार्थ आधुनिक शाकाहारवाद्यांनी शोधून काढला, हा समज टिकणारा नाही. सुंग राजवटीतील विद्वान शन कुओ याने अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात लोखंडातील पोलादाचे स्वरूप विशद करताना, पीठ धुतल्यावर प्रकट होणाऱ्या या चिवट द्रव्याचाच दाखला दिला आहे. ज्या अर्थी दाखल्यासाठी त्याने ते निवडले, त्या अर्थी ते त्याच्या वाचकांच्या नित्य परिचयाचे असले पाहिजे. चीनमधील बौद्ध मठांच्या निरामिष पाकशाळांत त्याला मांसाचे स्थान मिळाले, वूशी नगरात त्याचे तळून फुगवलेले पोकळ गोळे प्रसिद्धी पावले, आणि जपानात ते ‘फू’ या नावाने रूढ झाले. युरोपात बोलोन्याच्या याकोपो बार्तोलोमेओ बेक्कारी याने १७४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात गव्हाच्या पिठाचे पिष्ट व ग्लुटेन असे दोन भाग वेगळे करून दाखवले आणि त्यांतील दुसरा भाग गुणधर्माने प्राणिज द्रव्यासारखा वागतो, असे नमूद केले. गव्हात मांसाचे साम्य पाहणाऱ्या पुढील सर्व पाककृतींना लाभलेला हा शास्त्रीय आधारच म्हणावा लागेल. अमेरिकेत बॅटल क्रीक येथील आरोग्यधामाचे चालक डॉ. जॉन हार्वी केलॉग यांनी ग्लुटेन व भुईमूग यांपासून मांसाचा पर्याय तयार करून विकला. ‘सेइतान’ ही संज्ञा मात्र बरीच अलीकडची असून ती जपानी आहारतत्त्वज्ञ जॉर्ज ओसावा (१८९३–१९६६) यांनी १९६० नंतर लवकरच प्रचारात आणली.

कृतीचा आरंभ मैद्यापासून करावा. चक्कीच्या कणकेतील कोंडा ग्लुटेनचे धागे तोडतो, आणि खपली गव्हाचे ग्लुटेन मुळातच दुबळे असते. एक किलो मैदा सुमारे सहाशे मिलिलिटर पाण्यात घट्ट भिजवून, हाताला गुळगुळीत लागेपर्यंत मळून, तो गोळा थंड पाण्यात तास-दोन तास बुडवून ठेवावा. या मुदतीत ग्लायडिन व ग्लुटेनिन ही दोन प्रथिने पाणी शोषून परस्परांत गुंतत जातात, आणि पहिल्यामुळे गोळ्याला ताणले जाण्याचा व दुसऱ्यामुळे पूर्ववत आखडण्याचा गुण येतो. नंतर पाण्यातच गोळा दाबून दाबून चोळावा व दुधासारखे पांढरे होणारे पाणी पाच-सहा वेळा बदलावे. पाणी अगदी नितळ होईपर्यंत धूत बसण्याचा अट्टाहास योग्य नव्हे. किंचित पिष्ट मागे राहिले तरच पदार्थ मऊ होतो, एरवी तो रबरासारखा होतो. एक किलो मैद्यातून साधारणतः अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅम ओले ग्लुटेन हाती येते. ज्यांना हा खटाटोप नको त्यांच्यासाठी बाजारात ग्लुटेनची तयार भुकटी मिळते. तीत थोडे बेसन किंवा कुस्करलेला टोफू मिसळल्यास तिचा अतिरिक्त चिवटपणा कमी होतो.

महाराष्ट्रातील वाचकास या धुण्यात कुरडयांची आठवण होणे साहजिक आहे. फरक असा की, आपल्याकडे गहू तीन दिवस भिजवून, वाटून व गाळून त्याचा चीक तेवढा घेतला जातो आणि कोंड्याबरोबर बरेचसे ग्लुटेन ज्यात राहते तो चोथा गुरांपुढे टाकला जातो. सेइतान करणारा नेमके तेच ठेवून घेतो व चिकाचे पाणी ओतून देतो. ही नासाडी करण्याचे काहीही कारण नाही. चीनच्या शेन्सी प्रांतात या पाण्यातील पिष्ट खाली बसवून त्याच्या वाफवलेल्या पातळ थरांच्या शेवया करतात व त्यांवर ग्लुटेनचेच तुकडे घालून खातात. आपल्याकडेही ते निवळलेले पिष्ट मीठ-हिंग घालून, चिकासारखे शिजवून, तूप घालून गरम खाता येईल.

कोंबडीचा पोत कशाने येतो, हा या पाककृतीतील खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर वरच्या आवरणात सापडणार नाही. ग्लुटेन ओढून त्याची लांब पट्टी करावी, तिला पीळ द्यावा, दोन-तीन गाठी माराव्यात आणि थोडी विश्रांती देऊन पुन्हा ओढावी, म्हणजे धागे एका दिशेने लागतात व शिजल्यावर मांसाप्रमाणे उकलतात. यानंतर गाठोडे फडक्यात आवळून बांधून कांदा, लसूण, अळंबी, तमालपत्र, थाइम व सेज यांच्या खारट रसात पाऊण ते एक तास शिजवावे. रसाला जोराची उकळी मात्र कदापि येऊ देऊ नये, कारण त्या उष्णतेने आतील हवा व वाफ प्रसरण पावून घट्ट मांसल गोळ्याऐवजी भुसभुशीत स्पंज तयार होतो. ज्यांना आच राखणे अवघड वाटते त्यांनी मोदकपात्रात वाफवावे. ग्लुटेनला स्वतःची चव जवळजवळ नसते व स्निग्धांशही नसतो. सबब थोडे तेल आधीच मळून घालावे आणि रस चढत्या चवीचा ठेवावा. शिजलेला गोळा रसासह रात्रभर थंडीत मुरला म्हणजे घट्ट होतो, आणि दुसऱ्या दिवशी सुरीने न कापता हाताने फाडल्यास त्याच्या ओबडधोबड कडा पीठ चांगले धरतात.

तळणीची रीत मूळ पदार्थाचीच आहे. ताकाऐवजी लिंबू पिळून फाटवलेले सोयादूध, आणि मैदा व कॉर्नफ्लॉर यांच्या मिश्रणात मीठ, मिरपूड, लसणाची भुकटी व तिखट, एवढी तजवीज पुरते. कोरड्या पिठात त्याच दुधाचे चार शिंतोडे मारून बोटांनी चोळल्यास जे बारीक गोळे बनतात, तेच तळल्यावर खडबडीत, कुरकुरीत कवच होतात. तुकडे आधी दाबून निथळावेत, एरवी तेल उडते. तेल १७५ ते १८० अंश सेल्सिअसवर असावे. खऱ्या कोंबडीत आतील मांस शिजेपर्यंत आवरण जपावे लागते. येथे आतील भाग आधीच शिजलेला असल्याने तीन ते पाच मिनिटांत सोनेरी रंग आला की काम संपते. कातडीचा आभास हवा असणारे भिजवलेला तांदळाचा कागद गुंडाळतात. २०१७ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात ‘टेंपल ऑफ सेइतान’ हे अशाच तळलेल्या सेइतानचे दुकान उघडले.

कोरड्या ग्लुटेनमध्ये शेकडा ७५ ते ८० इतके प्रथिन असते. परंतु त्यात लायसिन हे अमिनो आम्ल अल्प असल्याने सोबत डाळ, बेसन किंवा सोयाबीन असणे हिताचे आहे. सीलिअ‍ॅक रोगाच्या रुग्णांस गव्हापासून अपाय होतो, हे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० मध्ये आपल्या प्रबंधात दाखवून दिले, आणि सेइतान तर त्या अपायकारक द्रव्याचाच गोळा आहे. तळून वाढल्यावर तो ओळखू येत नाही. म्हणून यजमानाने ताट मांडण्यापूर्वीच पाहुण्यांस त्याची स्पष्ट कल्पना द्यावी.