गोंगाटाच्या घरात गेमिंग आणि व्हिडिओसाठी स्वस्त आणि मस्त माइक कसा निवडायचा?

पंख्याखाली बसून गेमिंगचा व्हिडिओ रेकॉर्ड केला आणि ऐकून पाहिला, तर बोलण्यापेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो. मग ऑनलाइन शोध सुरू होतो. 'नॉइज कॅन्सलिंग माइक', 'स्टुडिओ माइक', 'दोन हजारांच्या आतला बेस्ट माइक'. पैसे साठवून माइक घेतला जातो, कीबोर्डच्या मागे टेबलावर मांडला जातो आणि पुढच्या व्हिडिओत पंखा आणखी स्पष्ट ऐकू येतो.

वन बीएचकेमध्ये, चाळीत किंवा रस्त्यालगतच्या घरात राहणाऱ्यांकडे वेगळी, शांत खोली नसते. शेजारच्या खोलीतली मालिका, कुकरच्या शिट्ट्या आणि खालचे हॉर्न बंद करणं आपल्या हातात नसतं. अशा घरासाठी माइक निवडताना एकच प्रश्न आधी विचारायला हवा: हा माइक माझ्या तोंडाच्या किती जवळ राहू शकेल? किंमत, दिसणं आणि ब्रँड हे सगळं त्यानंतर.

माइकला बोलणं आणि गोंगाट यातला फरक कळतो का?

नाही. माइकच्या आत एक पातळ पडदा असतो. हवेतल्या कंपनांनी तो हलतो आणि त्या हालचालीचा विद्युत सिग्नल तयार होतो. कंपन तुमच्या बोलण्यामुळे झालं की मिक्सरमुळे, याच्याशी पडद्याला काही देणंघेणं नसतं. म्हणून रेकॉर्डिंग स्वच्छ वाटणं हे गोंगाटाच्या तुलनेत तुमचा आवाज किती मोठा पोहोचतो, यावर अवलंबून असतं. हा फरक वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे अंतर कमी करणं.

अंतराचं गणित काय आहे?

मोकळ्या हवेत अंतर निम्मं केलं की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने वाढते. घरातही माइक तोंडाजवळ असताना हा अंदाज बऱ्यापैकी लागू पडतो.

समजा, तुमचं साधं बोलणं एक मीटरवर ६० डेसिबल आहे आणि खोलीतला गोंगाट ५५ डेसिबल. पंखा आणि रस्त्याचा आवाज खोलीभर पसरलेला असतो, त्यामुळे माइक थोडा इकडे-तिकडे सरकवला तरी तो फारसा बदलत नाही. बोलण्याचं मात्र असं होतं:

- १ मीटरवर ६० डेसिबल, म्हणजे गोंगाटापेक्षा फक्त ५ जास्त.
- ५० सेंटिमीटरवर ६६, फरक ११.
- २५ सेंटिमीटरवर ७२, फरक १७.
- १२ सेंटिमीटरवर सुमारे ७८, फरक २३.

माइक तोच, खोली तीच, खर्च शून्य. टेबलाच्या टोकाला ठेवलेला महागडा माइक आणि तोंडाजवळचा साधा माइक यांच्यात अनेकदा साधा माइक जिंकतो, तो याच कारणामुळे.

कंडेन्सर घ्यावा की डायनॅमिक?

बाजारात हे दोन प्रकार प्रामुख्याने दिसतात. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला जोडलेलं तारेचं वेटोळं चुंबकाच्या क्षेत्रात हलतं. कंडेन्सर माइकमध्ये पडदा आणि त्यामागची पट्टी यांच्यातलं अंतर बदललं की विद्युत क्षमता बदलते. कंडेन्सर जास्त संवेदनशील असतो आणि बारीक तपशील चांगले पकडतो.

'कंडेन्सर गोंगाट ओढतो, डायनॅमिक गोंगाट कापतो' हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. ते अर्धसत्य आहे. दोन्ही माइक तोंडापासून सारख्याच अंतरावर ठेवले, दोघांची ऐकण्याची दिशा सारखी असली आणि आवाजाची पातळी समान केली, तर मागे येणारा पंखा जवळपास सारखाच असतो. डायनॅमिक माइकचा सिग्नल मुळात क्षीण असतो, त्यामुळे त्यात जवळून बोलावंच लागतं. पॉडकास्टमध्ये दिसणाऱ्या शूअर एसएम७बी या प्रसिद्ध डायनॅमिक माइकला लोक अगदी तोंड लावून बोलतात, ते आठवून पाहा. गोंगाट कमी येतो त्यात या जवळिकीचा मोठा वाटा असतो.

याचा सरळ अर्थ असा: तुमच्याकडे आधीच यूएसबी कंडेन्सर असेल तर तो विकून टाकायची घाई नको. आधी तो तोंडाजवळ आणा आणि गेन कमी करा. नवीनच घ्यायचा असेल आणि घरात गोंगाट असेल, तर डायनॅमिककडे थोडं झुकतं माप द्यायला हरकत नाही.

'कार्डिऑइड' म्हणजे नेमकं काय?

माइक कोणत्या दिशेने किती ऐकतो, याला पोलर पॅटर्न म्हणतात. खोक्यावर तो लिहिलेला असतो.

ओम्निडायरेक्शनल माइक सगळ्या बाजूंनी सारखं ऐकतो. कार्डिऑइड माइक समोरून सगळ्यात जास्त, बाजूने सुमारे ६ डेसिबल कमी आणि बरोबर मागून सगळ्यात कमी ऐकतो. गोंगाटाच्या घरात टेबलावरच्या माइकसाठी कार्डिऑइड शोधा आणि त्याची पाठ गोंगाटाकडे करा. कीबोर्ड, खिडकी किंवा टीव्हीची खोली माइकच्या मागे येईल असं बसा. भिंतींवरून परतणारा आवाज समोरूनही येतोच, त्यामुळे गोंगाट पूर्ण जाणार नाही, पण कमी नक्की होतो.

आणखी एक गोष्ट. उभ्या डब्यासारख्या दिसणाऱ्या अनेक यूएसबी माइकमध्ये वरच्या टोकाकडून नाही, तर पुढच्या बाजूकडून बोलायचं असतं. बहुतेक वेळा ज्या बाजूला कंपनीचा लोगो असतो, ती पुढची बाजू. माहितीपत्रकात हे एकदा पाहून घ्या.

बजेटनुसार काय घ्यावं?

किमती सेलनुसार वर-खाली होतात, त्यामुळे खालचे आकडे ढोबळ समजा.

शून्य खर्च: मोबाइलच्या वायरवाल्या इअरफोनवर माइक असतो. तो हनुवटीजवळ येतो, म्हणजे निम्मं काम तिथेच झालं. वायर कपड्यांवर घासणार नाही एवढी काळजी घ्या. व्हिडिओसाठी दुसऱ्या फोनवर आवाज वेगळा रेकॉर्ड करून, सुरुवातीला एक टाळी वाजवून, एडिटिंगमध्ये दोन्ही जुळवता येतात.

हजार रुपयांच्या आसपास: कॉलरला लावायचा वायरचा माइक. बोया बीवाय-एम१ हे यातलं ओळखीचं नाव, त्याची वायर ६ मीटर लांब असते. हा ओम्निडायरेक्शनल आहे, पण छातीवर तोंडापासून वीतभर अंतरावर बसत असल्याने समोर बसून बोलण्याच्या व्हिडिओला चालून जातो. गोंगाट जास्त असेल तर तो कॉलरऐवजी हातात, हनुवटीजवळ धरा.

हजार ते अडीच हजार: फक्त गेमिंग आणि मित्रांशी बोलणं असेल, तर दांडीवर माइक असलेला वायरचा हेडसेट. मान कुठेही वळली तरी माइकचं अंतर बदलत नाही आणि गेमचा आवाज कानातच राहतो. आवाज थोडा फोनवरच्यासारखा येतो, पण समोरच्याला प्रत्येक शब्द कळतो.

अडीच ते चार हजार: फिफाइन के६६९ सारखे यूएसबी कार्डिऑइड कंडेन्सर. बजेट माइकपुरतंच ठेवू नका, त्यातच हलवता येणारा आर्म स्टँड बसवा. स्टँडशिवाय हा माइक तोंडाजवळ येणार नाही आणि टेबलावरचा प्रत्येक ठोका त्यात उतरेल.

त्याहून जास्त: फिफाइन एएम८ किंवा माओनो पीडी२००एक्स सारखे डायनॅमिक माइक. यांना यूएसबी आणि एक्सएलआर असे दोन्ही पर्याय असतात. आज थेट कॉम्प्युटरला लावा, पुढे कधी ऑडिओ इंटरफेस घेतलात तरी माइक बदलावा लागत नाही.

कुठे फसायला होतं?

'बीएम-८००' या नावाने मिळणारे स्टुडिओसारखे दिसणारे स्वस्त कंडेन्सर घेताना जपून. अशा अनेक माइकना ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो. तो नसताना थेट कॉम्प्युटरच्या जॅकला लावले की आवाज अगदी बारीक आणि खरखरीत येतो. फक्त एक्सएलआर जोडणी असलेला कोणताही माइक घेताना इंटरफेसचा खर्चही धरा.

जॅककडेही लक्ष द्या. मोबाइलच्या माइकच्या पिनवर सहसा तीन काळ्या पट्ट्या असतात. डेस्कटॉपवर माइक आणि हेडफोनसाठी वेगळी भोकं असतील तर ही पिन तिथे नीट चालत नाही, स्प्लिटर लागतो. नव्या फोनला गोल जॅकच नसेल तर टाइप-सी अडॅप्टर लागेल.

ब्लूटूथ इअरबड्सवर गेमिंगचे व्हिडिओ करणार असाल तर एक अडचण आहे. माइक सुरू झाला की बहुतेक ब्लूटूथ सेट कॉलिंगच्या मोडमध्ये जातात आणि आवाजाचा दर्जा दोन्हीकडून घसरतो.

सॉफ्टवेअर किती मदत करतं?

बरीच, पण कोणता गोंगाट आहे यावर ते अवलंबून आहे. पंखा, कूलर, एसी असा एकसुरी आवाज सॉफ्टवेअर सहज ओळखतं. कुकरची शिट्टी आणि हॉर्न अचानक येतात, तिथे त्याला जास्त कष्ट पडतात. सगळ्यात अवघड म्हणजे शेजारच्या खोलीतली मालिका, कारण तोही माणसाचाच आवाज असतो.

मोफत असलेल्या ओबीएस स्टुडिओमध्ये माइकच्या फिल्टर्समध्ये 'नॉइज सप्रेशन' आहे. त्यातला 'आरएननॉइज' हा पर्याय वापरून पाहा. डिस्कॉर्डमध्ये 'क्रिस्प' असतं. एनव्हिडिया ब्रॉडकास्ट वापरायचं तर आरटीएक्स मालिकेचं ग्राफिक्स कार्ड लागतं. रेकॉर्ड केलेला आवाज नंतर साफ करायला ऑडॅसिटी मोफत आहे. त्यासाठी बोलण्याआधी पाच सेकंद गप्प बसून फक्त पंखा रेकॉर्ड करा, त्याच तुकड्यावरून ते गोंगाट ओळखतं.

'नॉइज गेट' हा फिल्टर वेगळा. तुम्ही गप्प असताना तो माइक बंद ठेवतो. बोलायला लागलात की पंखा पुन्हा बोलण्यासोबत आत येतो. सप्रेशन फार वाढवलं तर आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो आणि शब्दांची टोकं गळतात. बोलणं मुळातच जवळून रेकॉर्ड झालं असेल तर हलकं सप्रेशन पुरतं.

घरात काय करता येईल?

भिंतीला चिकटवायचे फोमचे तुकडे बाहेरचा आवाज अडवत नाहीत, ते फक्त खोलीतला घुमणारा आवाज थोडा कमी करतात. तेच काम कपड्यांचं उघडं कपाट, गादी किंवा दोरीवर टाकलेली जाड गोधडी करते. माइकवरचा फोम 'प' आणि 'फ'चे फटके कमी करतो, पंखा नाही. तोंडाच्या अगदी समोर न धरता माइक थोडा तिरका ठेवला तरी हे फटके कमी होतात.

स्टँड नसेल तर माइकखाली घडी केलेला टॉवेल ठेवा. लॅपटॉपचा चार्जर लावल्यावरच गुणगुण येत असेल तर बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहा. ती थांबली, तर दोष माइकचा नसून विजेच्या जोडणीचा किंवा अर्थिंगचा असण्याची शक्यता जास्त.

वेळही निवडा. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. नियम प्रत्येक गल्लीत पाळला जातो असं नाही, पण सकाळी लवकरचा अर्धा तास बहुतेक घरांत दिवसभरातला सगळ्यात शांत असतो. लाइव्ह गेमिंगला हे जमणार नाही, व्हिडिओच्या निवेदनाला जमेल.

माइक घरी आल्यावर काय तपासायचं?

ऑर्डर करतानाच पाहा की वस्तू परत करता येते की फक्त बदलून मिळते. खोकं फेकू नका. पहिल्याच दिवशी, तुमच्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी, पंखा सुरू ठेवून ही चाचणी करा:

१. दहा सेकंद काहीही न बोलता रेकॉर्ड करा.
२. एकच परिच्छेद माइकपासून हातभर, वीतभर आणि चार बोटं अंतरावरून वाचा. दर वेळी गेन असा ठेवा की मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील.
३. गेम खेळत, कीबोर्ड वापरत एक मिनिट बोला.
४. विंडोजमध्ये 'मायक्रोफोन बूस्ट' किंवा आपोआप गेन वाढवणारा पर्याय सुरू असेल तर बंद करून पुन्हा ऐका. तो सुरू असला की तुम्ही थांबताच पंखा वर येतो.

हे सगळं हेडफोन लावून ऐका आणि घरातल्या कुणालातरी मोबाइलच्या स्पीकरवर ऐकवा, कारण तुमचे बरेच प्रेक्षक तिथेच ऐकणार आहेत. चार बोटांवरूनही शब्द स्पष्ट येत नसतील तर माइक परत करा. चार बोटांवर छान आणि हातभरावर वाईट येत असेल, तर माइक ठीक आहे. उरलेले पैसे स्टँडवर घाला.